आतून ओली भिंगं

१

बुरानो बेटावर लेस विणणाऱ्या बायका एकमेकींना भांगावरून ओळखतात. सात जणी एका टेबलाभोवती उभा जन्म बसल्या, सगळ्यांच्या माना खाली, मग समोरचीचं दिसणार तरी काय? भांग दिसतो, हात दिसतात आणि उशीवर ताणून बसवलेलं काम दिसतं. तुझ्या सख्ख्या बहिणीच्या डोळ्यांचा रंग कोणता, असं नेरीनाला कोणी विचारलं असतं तर ती क्षणभर अडखळली असती. पण देल्फीनाचा भांग कपाळाशी जरा डावीकडे वळतो आणि मागे एका पांढऱ्या बटेपाशी संपतो, हे तिने झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

आणखी एक. तिथे एका बाईचा एकच टाका. एकीने नुसती रेघ घालायची, एकीने पाकळ्या भरायच्या, एकीने मधली जाळी विणायची, एकीने फुलाला फूल सांधायचं. काम या उशीवरून त्या उशीवर फिरत राहायचं आणि शेवटी पूर्ण व्हायचं. दुसरीचा टाका शिकायचा नाही आणि आपला शिकवायचा नाही. बाहेरच्यांना हा खुळेपणा वाटतो. वाटू दे. सगळ्यांना सगळं यायला लागलं की कोणालाच काही धड येत नाही, असं त्या म्हणायच्या आणि ते खोटं नव्हतं.

त्या सातांतल्या आता दोघीच उरल्या होत्या. ऐंशी ओलांडलेली रेघवाली जुस्तीना आणि सांधणीवाली नेरीना. जाळीवाली देल्फीना, नेरीनाची थोरली बहीण, गेल्या पानगळीत गेली.

तिची जाळी म्हणजे धुक्याचा तुकडाच. प्रत्येक घर आवळताना ती जिभेने बारीक 'टच्' करायची, आणि तो आवाज त्या खोलीत घड्याळाच्या जागी असायचा. पण त्या जाळीने तिचे डोळे खाल्ले. शेवटी शेवटी डोळ्यांतून सारखं पाणी पाझरायचं. ओला रुमाल डोळ्यांवर टाकून ती पडून असायची.

"पुरे झालं गं बघणं," ती म्हणायची. "वर गेले की देवाला आधी सांगणार आहे, बाबा रे, स्वर्ग असेल छान, पण मला काही दाखवू नकोस. मला फक्त डोळे मिटून पडू दे."

ती गेली तेव्हा तिच्या मुलीने, नोएमीने, तिचे डोळे मिटले. आणि उशाशी उघडा पडलेला चष्मा जुस्तीनाने उचलला, त्याच्या काड्या एकेक करून मिटल्या आणि डबीत ठेवला. तिकडे असंच करतात. बाईचे डोळे मिटले की तिचा चष्माही मिटायचा. का, ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही.

मागे राहिलं ते बाळाचं पांघरूण. नोएमीला पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा देल्फीनाने ते विणायला घेतलं होतं. ते बाळ राहिलं नाही, नंतरचंही राहिलं नाही, आणि दोन्ही वेळा पांघरूण कपाटात गेलं. आता तिसऱ्यांदा नोएमीचे दिवस भरत आले होते आणि विणणारी शेजारच्या मात्सोर्बो बेटावर, दफनभूमीत जाऊन झोपली होती. किनारीची सांधणी थोडी बाकी होती, ती नेरीनाची. आणि मधोमध दीड वीत जाळी बाकी होती, ती देल्फीनाची.

"मावशी, बाप्तिस्म्यापर्यंत होईल ना गं?" नोएमी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत पोट सावरत बसली होती. "आईच्या हातचं बाकी सगळं विकलं गेलं. कुठल्या कुठल्या नवरीमुलींच्या डोक्यावर जाऊन बसलं. आमच्याकडे एवढंच राहिलंय."

"होईल म्हटलं ना! घे, बिस्किट खा. डोळ्यांत पाणी आणू नकोस, पोर रडकं निघेल."

होईल म्हणाली खरी, पण कसं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिने जाळीला हात लावून पाहिला होता. चार घरं विणली आणि चारही उसवली, कारण ती घरं नव्हती, गाठी होत्या. आणि आता तर आपल्या स्वतःच्या सांधणीलाही तिचे डोळे साथ देईनात. तासभर सुई धरली की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरायचं, कपाळ ठणकायचं आणि दोऱ्याचे दोन दोरे व्हायचे.

२

चष्मेवाला मुरानोचा. बोटीने जायचं, कालव्याकाठाने चालायचं, काचेच्या दुकानांच्या रांगेत शेवटी त्याचं दुकान. माणूस बोलघेवडा होता. त्याने नेरीनाला अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत उजेड पाडून पाहिलं आणि मान हलवली.

"डोळे वाईट नाहीत, बाई. दमलेत. जवळचं बघताना डोळ्याच्या आतला स्नायू आवळून धरावा लागतो. दिवसभर मूठ आवळून बसलं तर हात दुखणार नाही का?"

"जन्मभर आवळलीय."

"मग आता सोडा. ही वेगळी भिंगं येतात, बारीक काम करणाऱ्यांसाठी. खालच्या अंगाला जराशी जास्त ताकद असते. डोळ्याचं ओझं भिंग उचलतं."

"आणि भिंगाचं ओझं कोण उचलतं?"

चष्मेवाला खो खो हसला. "काच आहे ती, बाई! या गावात शेकडो वर्षं काच होतेय, अजून एकही दमलेली कोणी पाहिली नाही. फ्रेम कोणती देऊ?"

नेरीनाच्या जुन्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. नवी फ्रेम घेणं तिच्या जिवावर आलं. घरात चांगली फ्रेम पडून असताना कशाला? तिने पिशवीतून डबी काढली. देल्फीनाची तपकिरी फ्रेम, कासवाच्या पाठीच्या रंगाची. नोएमीनेच आठवण म्हणून दिलेली.

चष्मेवाल्याने काड्या उघडल्या तेव्हा बिजागरी कुरकुरली. त्याला जरा जोर लावावा लागला.

"घट्ट बसलीय," तो म्हणाला. "तेल सोडतो."

३

काय सांगावं त्या भिंगांचं! नेरीनाने सकाळी खिडकीशी उशी घेतली, चष्मा चढवला, आणि दुपारची घंटा झाली तेव्हा तिला कळलं की आपण जेवायचंसुद्धा विसरलो. डोळे चुरचुरले नाहीत. कपाळ ठणकलं नाही. दोरा एकच दिसत होता, आणि त्याचा पीळसुद्धा दिसत होता. ती उठली, आरशात पाहिलं. डोळे स्वच्छ, पांढरेशुभ्र, शाळेतल्या पोरीचे असावेत तसे. तिला हसू आलं. इतकी वर्षं उगीच रडले, असं तिला वाटलं, आणि लगेच देल्फीना आठवून वाईटही वाटलं. तिला मिळायला हवी होती ही भिंगं.

संध्याकाळी उजेड गेला तशी तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की भिंगं ओली आहेत.

बाहेरून नाही, आतून, डोळ्यांकडच्या बाजूने. खालच्या कडेला पाण्याची बारीक रेघ जमली होती. तिने आपले डोळे चाचपले. कोरडे ठणठणीत होते.

"धुकं," ती मोठ्याने म्हणाली. हिवाळ्यात त्या बेटावर भिंतीसुद्धा घामेजतात, तिथे चष्म्याचं काय घेऊन बसलात. तिने झग्याच्या टोकाने भिंगं पुसली आणि चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी भिंगं पुन्हा ओली होती. तिसऱ्या दिवशी जरा जास्तच.

४

जुस्तीना कधीमधी काठी टेकत यायची. काम बघायला म्हणून, पण खरं तर कॉफी प्यायला आणि दोष काढायला. आत आल्या आल्या तिची नजर नेरीनाच्या नाकावर गेली. म्हातारीला समोरचं माणूस धड दिसत नसे, पण नको ते बरोबर दिसायचं.

"हा कोणाचा चढवलास?"

"ताईचा. फ्रेम तिची, भिंगं माझी."

"मी मिटला होता तो."

"मग मी उघडला. फ्रेम चांगली आहे, जुस्तीना. कपाटात कुजवायची का?"

"मेलेल्या बाईचा चष्मा उघडू नये गं." जुस्तीनाने छातीवर क्रूस काढला. "माझ्या आईने सांगितलंय. का ते नको विचारूस, तिनेही सांगितलं नाही."

"तुझ्या आईने तर मांजर आडवं गेल्यावर लग्नसुद्धा पुढे ढकलायला सांगितलं असतं."

"ढकलायला हवंच होतं. नवरा बघितलास ना माझा?"

दोघी हसल्या. जुस्तीनाने उशी मांडीवर ओढून घेतली आणि ती बोटांनी काम चाचपायला लागली. रेघेवरून, पाकळ्यांवरून बोट जाळीवर आलं. तिथे ते थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"छान चाललंय की देल्फीनाचं," ती म्हणाली.

"तिचं कुठलं चालायला? जिथे ठेवलं होतं तिथेच आहे ते. दीड वीत बाकी आहे."

"दीड वीत?" जुस्तीनाने पंजा पसरून मोकळ्या जागेवर ठेवला. "एक वीत भरते आहे बघ. माझा हात काय आता वाढीला लागलाय?"

नेरीनाने पाहिलं. म्हातारीची करंगळी आणि अंगठा दोन्हीकडे जाळीला टेकले होते.

"तू केलंस का हे?" नेरीनाने विचारलं.

"मी? मला तुझं तोंड दिसत नाही, आणि जाळी विणू? शिवाय ही वीण बघ. दोरा आपल्यापासून दूर, डावीकडे ओढायची ती. अशी ओढणारी दुसरी कोणी जन्माला आली नाही. जुनंच असेल, बाई. तूच विसरली असशील."

विसरले असेन, नेरीनाने स्वतःला बजावलं. दु:खात माणसाचं माप चुकतं.

५

तरी तिने लाल दोरा घेतला आणि जाळी जिथे संपत होती तिथे, अगदी कडेला, एक कच्चा टाका घालून ठेवला. मग दिवसभर किनारीची सांधणी करत बसली. जाळीकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही.

संध्याकाळी लाल टाका कडेला नव्हता. त्याच्या पलीकडे आणखी जाळी होती, बोटभर रुंद, एकसारखी, डावीकडे कललेली.

नेरीना काही भुताखेतांना घाबरणारी बाई नव्हती. तिचा नवरा समुद्रावर गेला होता आणि परत आला नव्हता, तेव्हासुद्धा तिने कोणा संताला नवस बोलला नव्हता की ती कोणा बाईकडे भविष्याचे पत्ते काढायला गेली नव्हती. ती बसली आणि शांतपणे विचार करू लागली. मीच करत असेन. भिंगांमुळे डोळे दुखत नाहीत, तंद्री लागते, तंद्रीत हात चालत असतील. इतकी वर्षं समोर बसून पाहिलं, कुठेतरी बोटांत उतरलं असेल.

तिने फडक्याचा तुकडा घेतला आणि जाळीचं एक घर विणून पाहिलं. गाठ झाली. पुन्हा विणलं. पुन्हा गाठ. बोटांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

तिने चष्मा काढला. भिंगं आता इतकी ओली होती की एक थेंब ओघळून फ्रेमच्या कडेला लोंबत होता. तिने तो बोटावर घेतला, जिभेला लावला. खारट.

खाडीचं पाणी खारटच असतं, ती मनाशी म्हणाली. इथलं धुकंसुद्धा खारटच असणार.

आणि त्याच वेळी, चष्मा हातात असताना, खोलीत आवाज झाला. अगदी बारीक. टेबलाच्या पलीकडून, जिथे देल्फीनाची खुर्ची अजून होती.

टच्.

नेरीना कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. पुन्हा काही ऐकू आलं नाही. खाली कालव्यात कोणाची तरी होडी खांबाला घासत होती. तोच आवाज असेल, ती म्हणाली, आणि आज पहिल्यांदाच तिला स्वतःचं म्हणणं पटलं नाही.

६

नोएमीला मुलगी झाली. या वेळी सगळं सुखरूप पार पडलं. ती उठून हिंडायला लागली तशी एका सकाळी बाळाला गुंडाळून मावशीकडे आली. एवढंसं लाल तोंड, आणि मुठी मात्र भांडखोर.

"आईचं नाव ठेवणार का?" नेरीनाने विचारलं.

"नाही. आई एकच होती." नोएमी उशीपाशी गेली आणि वाकून बघतच राहिली. "मावशी! अगं, किती झालंय! तळहाताएवढंच तर राहिलंय. आणि हुबेहूब आईचं! तू कशी शिकलीस गं?"

नेरीनाने कॉफी ओतली.

"मला वाटलं होतं तुला जमणार नाही. खरंच सांगते. रविवारी बाप्तिस्मा, तोवर होतंय ना?" नोएमीचे डोळे भरून आले होते. "हिच्या अंगावर आईचं पांघरूण असलं की मला वाटेल ती आली होती. तिला बघायला मिळालं."

"तिला बघायचं नव्हतं, पोरी," नेरीना हळूच म्हणाली.

"काय?"

"काही नाही. कॉफी घे."

नोएमीने घोट घेतला. मग सहज आठवल्यासारखं म्हणाली, "हां, तुला सांगायचं राहिलं. येताना मात्सोर्बोला जाऊन आले. आईच्या फोटोत पाणी शिरलंय."

नेरीनाचा कप अर्ध्यावर थांबला.

"थडग्यावरच्या फोटोत गं. काचेच्या आत. नेमकं डोळ्यांपाशी, असं ओघळल्यासारखं. मी रुमालाने पुसत बसले, जाईचना. मग कळलं की ते आतून आहे. फोटोवाल्याला सांगायला हवं, नाहीतर खराब होईल तो. डोळे उघडे असलेला तेवढा एकच फोटो होता तिचा. आठवतंय ना, कॅमेरा समोर आला की डोळे मिटायची. किती शोधला होता आपण तो!"

"कधीपासून आहे पाणी?" नेरीनाने विचारलं.

"काय माहीत. नाताळाआधी गेले होते तेव्हा नव्हतं."

नाताळाआधी भिंगं नव्हती. नेरीनाने कप बशीत ठेवला. नोएमी बाळाशी बोबडं बोलत होती. तिचं लक्ष नव्हतं.

७

आता कोणीही म्हणेल, तेव्हाच चष्मा मिटून ठेवायचा होता. म्हणणाऱ्याचं काय जातं. तळहाताएवढी जाळी राहिली होती. रविवार तोंडावर होता. दोन बाळं मातीत गेल्यावर तिसरं हाती आलं होतं आणि त्याच्या आईला दुसरं काही नको होतं, फक्त एक पांघरूण हवं होतं. नेरीनाने रात्रभर विचार केला आणि सकाळी चष्मा चढवला.

"एवढं एकदाच, ताई," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली. "तुझ्याच नातीसाठी आहे. मग नाही."

बाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरच्या घराचा निळा रंगसुद्धा पांढरा पडला होता. नेरीनाने किनारीचा शेवटचा टाका घातला आणि सुई उशीत खोचली. तिचं काम संपलं. आता तिने हात मांडीवर ठेवले आणि भिंगांतून जाळीकडे बघत राहिली. जाळी हलली नाही. ती बघत असताना काहीच झालं नाही. फक्त डोळ्यांना गारवा वाटत होता, थंड पाण्याची पट्टी ठेवावी तसा. इतकं बरं वाटत होतं की तिला त्या बरं वाटण्याचीच भीती वाटायला लागली.

दुपारी तिने चष्मा काढला. तो टेबलाच्या पलीकडे, देल्फीनाच्या खुर्चीसमोर, उघडाच ठेवला, भिंगं उशीकडे करून. आपला दोऱ्याने बांधलेला जुना चष्मा लावला आणि बसून राहिली.

आधी भिंगांत नुसती खिडकी दिसत होती. दोन छोट्या पांढऱ्या खिडक्या. मग त्या पांढऱ्यात काहीतरी खाली झुकलं.

टच्.

दोन्ही भिंगांत एक एक भांग होता. कपाळाशी जरा डावीकडे वळलेला, मागे पांढऱ्या बटेपाशी संपलेला. मान खाली. त्याखाली हात होते की नव्हते ते कळत नव्हतं, पण उशीवरच्या जाळीच्या कडेचा दोरा ताणला जाऊन थरथरत होता. टच्. मग भिंगातलं ते डोकं थांबलं. मनगटाची मागची बाजू वर आली आणि डोळे पुसून गेली. थकलेली बाई पुसते तशी, न थांबता, काम अडू नये म्हणून घाईघाईने. भिंगाच्या आतल्या अंगाने थेंब ओघळला आणि टेबलाच्या लाकडावर पडला. डोकं पुन्हा खाली गेलं.

नेरीनाची भीती त्या क्षणी कुठल्या कुठे गेली. उरलं ते नुसतं काळीज पिळवटणं. अख्खा जन्म ती समोर अशीच बसली होती. मेल्यावरही बसली होती. आणि बसवलं होतं कोणी?

"ताई," ती म्हणाली. "ताई, पुरे गं. राहू दे ते."

भांग स्थिर झाला.

मग डोकं वर यायला लागलं. हळूहळू, दिवसभर वाकून आखडलेली मान सोडवत उचलावं तसं. भांग मागे सरकला. कपाळ दिसलं. भुवया दिसल्या.

नेरीनाने झेप घालून चष्मा उचलला. डावी काडी मिटली. उजवी मिटेना. तिने दोन्ही हातांनी दाबली, बिजागरी कुरकुरली, आणि मग ती एकदम सैल होऊन मिटली. भुवयांखालचं तिने पाहिलं की नाही, हे पुढे तिने कोणालाच सांगितलं नाही. जुस्तीनाने खोदून खोदून विचारलं, तिलाही नाही.

मिटलेला चष्मा छातीशी धरून ती टेबलावर डोकं टेकून रडली. खोलीत दुसरा कसलाही आवाज नव्हता. मग तिने तो देल्फीनाच्या डबीत घातला, वरून तिचाच रुमाल ठेवला आणि झाकण लावलं.

८

तळहाताएवढी जागा तशीच मोकळी होती. नेरीनाने जुना चष्मा पुसला, सुई ओवली आणि तिथे आपला टाका घातला. आपल्याला येतो तेवढाच, सांधणीचा. या कडेपासून त्या कडेपर्यंत बारीक बारीक पूल. तासाभरात डोळ्यांत वाळू आली. ती थांबली, डोळे धुतले, पुन्हा बसली. शनिवारपर्यंत तिचे डोळे सुजून लाल झाले होते आणि कपाळाच्या आत कोणीतरी घण घालत होतं.

रविवारी चर्चमध्ये जुस्तीनाने बाळाच्या अंगावरून बोट फिरवलं आणि प्रार्थना चालू असतानाच फिस्कारली, "जाळीत सांधणी? भर समुद्रात पूल बांधलेस की गं भवाने! आपल्या टेबलावर असलं कधी झालं नाही."

"आता झालं," नेरीना म्हणाली. "गप बस, पाद्री बघतोय."

बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं तशी ते जीव खाऊन रडलं आणि सगळे खूश झाले. नंतर बाहेर, चर्चच्या भिंतीच्या आडोशाला, नोएमी मावशीजवळ आली. तिने पांघरुणावरची ती जागा बघितली होती. ती न दिसणं शक्यच नव्हतं.

"आईचं अर्धवटच राहिलं शेवटी," ती म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं, आणि ते तिने लपवलंही नाही.

"राहिलं, पोरी. मला नाही जमलं."

"पण इतकं होत आलं होतं ना? मी पाहिलं होतं."

"तिने पुष्कळ केलं. आता बास."

नोएमीने तिच्याकडे पाहिलं. लाल डोळे, सुजलेल्या पापण्या. तिची नाराजी विरघळली. "किती ताण दिलास गं डोळ्यांना! ती नवी भिंगं कुठे गेली?"

"नाही मानवली मला."

नोएमी थोडा वेळ बाळाला डोलवत राहिली. वारा सुटला होता. मग ती म्हणाली, "फोटोवाल्याला सांगायची गरजच पडली नाही. काल मात्सोर्बोला गेले होते. पाणी आपोआप गेलंय. कोरडा आहे."

"बरं झालं."

"मावशी..." तिने आवाज खाली आणला. "आईचा डोळे उघडे असलेला आपल्याकडे एकच फोटो होता ना?"

"एकच."

"बाकी सगळ्यांत मिटलेले."

"हो गं."

"मग थडग्यासाठी आपण तोच दिला होता ना? तूच दिला होतास ना?"

"वाऱ्यात धरू नकोस पोरीला," नेरीना म्हणाली. "चल."

नोएमी जागची हलली नाही. "छान दिसते," ती म्हणाली. "झोपल्यासारखी दिसते. मी किती वेळ तिथेच बसून राहिले."

नेरीनाने पांघरुणाचं टोक ओढून बाळाच्या मानेशी नीट खोचलं, जाळी आणि पूल दोन्ही एका मुठीत धरून. डोळे भयंकर चुरचुरत होते, रात्रभर दुखणार होते. दुखू देत, तिने मनात म्हटलं, माझे आहेत.